कानोसा

नवरात्र संपलं की कुमुदताई पेठकरांचा फोन ठरलेला असायचा. "भास्कर, थंडी येतेय. बंब बघून जा." एकोणीस वर्षांत त्यात खंड पडला नव्हता. यंदाही फोन आला, पण कुमुदताई म्हणाल्या, "भास्कर, यंदा येऊ नकोस."

"का हो ताई? गावाला निघालात की काय?"

"गावाला कुठली जातेय! अरे, बंब मीच दुरुस्त केला. स्वतः!" सत्तरीच्या कुमुदताई शाळकरी मुलीसारख्या हसल्या. "तो कानोसा आणला ना मी. नळीला अडकवला, बंब चालू केला, तर दोन मिनिटांत म्हणतो, ठिणगी पाडणाऱ्या कांडीवर काजळी धरलीय. गॅसची चावी बंद करा, डावीकडचा स्क्रू काढा, बारीक पॉलिश पेपरने घासा. घासली. पहिल्या झटक्यात पेटला बघ! आणि गंमत सांगू? अगदी तुझ्यासारखंच बोलतो. 'थांबा हं, ऐकतोय.'"

"माझ्यासारखं नाही ताई, मीच बोलतोय ते," भास्कर दुसाने म्हणाला, आणि हसला. फोन ठेवल्यावर मात्र त्याने दाराशी काढून ठेवलेली हत्यारांची पिशवी परत खुंटीला अडकवली.

बंब म्हणजे काही आजीच्या काळातला तांब्याचा बंब नव्हे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नाशिकची थंडी पार बदलून गेली होती. पूर्वी आठवडाभर कडाका पडायचा, आता सलग दोन-अडीच महिने पहाटेचा पारा चार-पाचच्या वर चढायचा नाही. त्यामुळे इमारतींमध्ये घरोघरी, स्वयंपाकघराच्या भिंतीवर, गॅसचे छोटे बॉयलर आले. ते आंघोळीचं पाणी तापवायचे आणि तेच गरम पाणी भिंतीतल्या नळ्यांतून फिरवून घरही उबदार ठेवायचे. कागदावर त्यांचं नाव बॉयलर, पण लोकांनी आपला जुना शब्द काढून त्यांना चिकटवला. भास्कर हा त्या बंबांचा वैद्य. स्क्रूड्रायव्हरचं टोक बंबाच्या अंगाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून म्हणायचं, "थांबा हं, ऐकतोय." मग दुखणं सांगायचं. ते सहसा चुकत नसे.

कानोसा ही त्याच्याच कानाची नक्कल होती. ज्योत कधी गप्प नसते. गॅस आणि हवा नीट मिसळून जळत असली की ती एका सुरात फुरफुरते. हवा कमी पडली की सूर जड होतो, झडपेत कचरा अडकला की मध्येच अडखळते. पंपाची, पंख्याची, नळीतल्या पाण्याची थरथरही निरनिराळी. सुपारीएवढं ते यंत्र नळीला चिकटून ही सगळी थरथर टिपायचं आणि आपल्या आठवणीतल्या शेकडो आजारी बंबांशी ताडून पाहायचं. शिवाय प्रत्येक घरातला बंब थोडा वेगळा बोलतो, म्हणून ते रोज थोडं थोडं त्या त्या घराचा आवाज शिकत जायचं.

या आठवणी भास्करच्या होत्या. त्याची मुलगी ईश्वरी कानोसा बनवणाऱ्या कंपनीत ध्वनी-अभियंता होती. तिच्या आग्रहाखातर दोन वर्षं तो कॉलरला मायक्रोफोन लावून हिंडला. तेराशे घरं. रेकॉर्डिंग जमा झाल्यावर ईश्वरीने त्याला शेजारी बसवलं.

"बाबा, प्रत्येक घरात काम नेमकं कुठून सुरू होतं, तिथे तू खूण कर. त्याच्या आधीचं सगळं आपण कापून टाकू. निम्मं रेकॉर्डिंग नुसत्या गप्पांचं आहे."

भास्करने कानाला हेडफोन लावले आणि तो लाजून लाल झाला. "किती बोलतो गं मी! खिडक्या नव्या बसवल्या वाटतं? सूनबाई, सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का? चिमणी केव्हा घेतली? घरातली कुंडी का सुकली? वेळ काढतोय असं वाटेल कुणालाही."

"म्हणून तर. यंत्राला याचा काय उपयोग?"

त्याने तेराशे खुणा केल्या. प्रत्येक खूण जिथे त्याने मूठ कानाला लावली, तिथे. त्याच्या आधीचं सगळं गेलं. लोकांच्या घरातलं खाजगी बोलणं म्हणून कंपनीने ते कायमचं पुसलंही.

सुरुवातीच्या कानोशात विषारी वायू ओळखणारी एक चकतीसुद्धा होती. पण रोजच्या फोडणीच्या धुराने ती बोंब ठोकायची, आणि लोक वैतागून अख्खं यंत्रच काढून कपाटात टाकायचे. मग चकती वगळली गेली. ज्वलन बिघडलं तर ज्योतीचा सूर बदलणारच, आणि सूर तर आपल्याला कळतो, असं सगळ्यांना वाटलं. भास्करलाही.

कानोसा बाजारात आला आणि दोन हिवाळ्यांत भास्करचं काम आटलं. वर्षानुवर्षं कारागिराच्या हाती असलेली गोष्ट आता ज्याच्या-त्याच्या हाती आली होती. लोक हौसेने आपापले बंब उघडत होते आणि बरेही करत होते. भास्कर दुसऱ्याला दोष देऊ शकत नव्हता. बाजार उठवणारा तो स्वतःच होता. चौकात कुणी ओळखीचं भेटलं की कौतुकाने म्हणायचं, "दुसाने, तुमचा आवाज रोज ऐकतो आम्ही!" तो मान डोलवायचा. 

यंदाच्या संक्रांतीला तो कुमुदताईंकडे तिळगूळ द्यायला गेला. तेवढी रीत त्याने सोडली नव्हती. कुमुदताई एकट्या राहायच्या. मराठीच्या बाई म्हणून निवृत्त झाल्यापासून त्या एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी तयार करत. थंडीच्या दिवसांत त्यांचा मुक्काम स्वयंपाकघरातच असे. बंबाच्या उबेला टेबल ओढून तिथेच लिहीत बसायच्या.

दार उघडलं तेव्हा त्या क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिल्या. "अरे, तू... ये, ये."

घरात कमालीची शांतता होती. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज दार लावताच चाकूने कापल्यासारखा बंद झाला.

"खिडक्या बदलल्या मी," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर. धुळीचा कण आत येत नाही बघ. आणि ओट्यावर मोठी चिमणी बसवली."

"छान झालं," भास्कर म्हणाला. तो बाहेरच्या खोलीतच बसला. कामासाठी बोलावलेला माणूस थेट स्वयंपाकघरात जातो, पाहुणा बाहेर बसतो. आणि आज तो पाहुणा होता.

कुमुदताई कोड्याचा कागद घेऊन समोर येऊन बसल्या. चेहरा ओढलेला होता. "उकळतं पाणी. तीन अक्षरी. मीच केलेलं कोडं, भास्कर, आणि मलाच येईना."

"आधण."

"हो रे! आधण." त्यांनी लिहिलं. मग डोकं दाबत म्हणाल्या, "हल्ली असंच होतं. डोकं ठणकतं, मळमळतं. शब्द सापडत नाहीत. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, विस्मरणाची सुरुवात. गोळ्या दिल्यात." थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी पुन्हा कागद उचलला. "उकळतं पाणी. तीन अक्षरी. काय असेल रे?"

भास्करने पुन्हा सांगितलं. त्याला वाईट वाटलं. एवढ्या तल्लख बाईचं हे काय व्हावं!

तो निघायच्या बेतात असताना त्या म्हणाल्या, "आलाच आहेस तर एकदा बंबाकडे बघतोस का? मला आपलं उगाच... काय ते सांगता येत नाही."

खरं तर नुसतं उठायचं होतं. आठ पावलं. पण भास्करच्या मनात दोन वर्षांचं साठलेलं काहीतरी त्या क्षणी उफाळून आलं. आता आठवण झाली का, असं. दिवाळीआधी फोनवर ऐकलेलं ते हसूही त्याला आठवलं असेल.

"कानोसा काय म्हणतो?" त्याने विचारलं.

"ठीक आहे म्हणतो. रोजच म्हणतो."

"मग ठीक आहे. तो म्हणजे मीच ना, ताई. मी वेगळं काय सांगणार?"

कुमुदताईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं की लागलं, कळलं नाही. "बरं. चहा तरी घेऊन जा," म्हणत त्या आत गेल्या. चिमणी सुरू झाल्याची घरघर ऐकू आली. भास्करने चहा घेतला आणि तो निघाला.

नवव्या दिवशी सकाळी दहाला शेजारच्या लोखंडेबाईंना कुमुदताईंच्या दाराशी दुधाची पिशवी तशीच पडलेली दिसली. त्यांनी दार फोडून घेतलं. कुमुदताई स्वयंपाकघरात टेबलाखाली पडल्या होत्या. गॅसवर पातेलं होतं, चिमणी चालू होती, आणि बंब शांतपणे फुरफुरत होता. बंबावर भास्करचा जुना नंबर चिकटवलेला होता. लोखंडेबाईंनी त्याला फोन केला.

रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला व्हरांड्यात उभं राहूनच समजावलं. अपुऱ्या हवेत काहीही जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं, पण हा वायू त्याला प्राणवायूच्या दोनशे पटींनी घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असतो, आणि मेंदू आतल्या आत उपाशी मरत असतो.

"हे आजचं नाही," त्या म्हणाल्या. "दोन महिने तरी रोज थोडा थोडा वायू जात असावा. डोकेदुखी, विस्मरण, सगळं त्याचंच. वेळेत कळलं असतं तर उघड्या हवेत नेलं की बऱ्याच झाल्या असत्या."

"आता?"

"जगतील. पण मेंदूचा आठवणी सांभाळणारा भाग गेलाय. तो परत यायचा नाही."

भास्करने ईश्वरीला बोलावून घेतलं. दुपारी दोघं कुमुदताईंच्या स्वयंपाकघरात उभी होती. लोखंडेबाईंनी सगळ्या खिडक्या सताड उघडून ठेवल्या होत्या. भास्करने त्या एकेक करून लावून घेतल्या.

"बाबा, काय करतोयस?"

"दोन मिनिटं. घाबरू नकोस."

त्याने बंब पेटवला. ज्योत निळी, देखणी. देवघरातली उदबत्ती आणून पेटवली आणि बंबाच्या माथ्यावर, जिथून धूर धुराड्यात शिरतो तिथल्या फटीशी धरली. उदबत्तीचा धूर सरळ आत ओढला गेला, बाहेर जाण्याच्या वाटेने. सगळं यथास्थित.

"बघ आता," म्हणत त्याने ओट्यावरच्या चिमणीचं बटण दाबलं.

चिमणी घरघरू लागली. फटीशी धरलेला धूर थबकला, थरथरला आणि मग वळून खोलीत येऊ लागला. त्यामागोमाग बंबातून एक गरम, दमट झोत दोघांच्या चेहऱ्यावर आला.

"चिमणी घरातली हवा बाहेर फेकते," भास्कर म्हणाला. "तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. पूर्वी खिडक्यांच्या फटींतून यायची. आता फटी नाहीत. मग ती बंबाच्या धुराड्यातून खाली येते, आणि येताना बंबाचा धूर परत घरात आणते. बंब तोच धूर पुन्हा हवा म्हणून घेतो. हळूहळू ज्योत गुदमरते. बंबात काहीच बिघाड नाही, ईशू. बिघडलंय ते घर."

नळीवरच्या कानोशाचा दिवा लुकलुकला. "थांबा हं, ऐकतोय," भास्करचाच समजूतदार आवाज आला. "सगळं ठीक आहे. निश्चिंत राहा."

ईश्वरीने झेप घेऊन बंब बंद केला आणि खिडकी उघडली. मग टेबलाशी बसून तिने आपल्या लॅपटॉपवर यंत्रातली नोंद काढली. त्रेसष्ट दिवस, रोज दोन वेळा, 'ठीक आहे'. सूर बदललेला होता, पण एकदम नव्हे. रोज कणभर जड होत गेला होता. आणि रोज कणभर बदलणारा सूर हा या घराचाच स्वभाव असेल, असं यंत्र शिकत गेलं होतं.

"तू असतास तर तुला ऐकू आलं असतं?" तिने विचारलं.

"ऐकायची वेळच आली नसती. दारातून आत शिरताना मी विचारलं असतं, खिडक्या कधी बदलल्या? डोकं दुखतं का? तेच तर विचारायचो मी."

ईश्वरी हळूच म्हणाली, "ते कापायला मी सांगितलं."

"आणि खुणा मी केल्या."  मग त्याने संक्रांतीचं सगळं सांगून टाकलं. कुमुदताई काय म्हणाल्या आणि आपण काय उत्तर दिलं, शब्द न् शब्द.   सांगून झाल्यावर ईश्वरीने लॅपटॉप मिटून ठेवला.

"किती घरांत आहे हा?" भास्करने विचारलं.

"ऐंशी हजार."

"नव्या खिडक्या किती घरांत?"

"माहीत नाही. आपण कधी विचारलंच नाही कुणाला."

"मग बंद कर सगळीकडे. आजच."

"माझ्या हातात नाही, बाबा. मी फक्त सांगू शकते."

तिने सांगितलं. लेखी, तोंडी, वरच्यांना, त्याच्याही वरच्यांना. कंपनीचं म्हणणं, यंत्राने बंबाचं निदान अचूकच केलं होतं. घराचं निदान करण्याचा दावा कुणी केला नव्हता. तीन आठवड्यांनी लोकांच्या मोबाइलवरच्या कानोशाच्या अ‍ॅपमध्ये तळाशी एक ओळ उमटू लागली: बंब चालू असताना हवा खेळती ठेवा. इतक्या बारीक अक्षरांत की ती कुणी वाचली असेल, असं वाटत नाही. नवीन आवृत्तीत प्रश्न विचारायचं ठरलं, आणि ईश्वरीने नमुन्यादाखल शंभर घरांत ते विचारूनही पाहिले. खिडक्या बदलल्या का? नाही. डोकं दुखतं का? नाही. लोक बघतही नव्हते. पुढे जाण्यासाठी नाही-नाही दाबत सुटायचे.

"निदान माझा आवाज तरी काढ त्यातून," भास्कर तिला म्हणाला. ते तेवढं तिच्या हातात होतं. दुसऱ्या दिवसापासून ऐंशी हजार घरांत कुणा परक्या माणसाच्या आवाजात सगळं ठीक असल्याचं सांगितलं जाऊ लागलं. फरक कुणाच्या लक्षातही आला नाही. ईश्वरी त्यानंतर रविवारी घरी यायची ती बंद झाली. फोन करायची, जेवलास का विचारायची आणि ठेवून द्यायची.

भास्कर उदबत्तीचा पुडा खिशात घालून ज्या घरांच्या खिडक्या नव्या दिसतील तिथली बेल दाबत हिंडू लागला. बहुतेक दारं साखळीच्या फटीएवढीच उघडायची. "आमच्याकडे कानोसा आहे, काका." आत घेतलं ते फक्त अकरा घरांनी. त्यातल्या तीन घरांत धूर उलटा फिरला. दोन घरांनी त्याच्यासमोर खिडकी उघडून ठेवली. तिसऱ्या घरातले गृहस्थ म्हणाले, ठीक आहे, बघू. चार दिवसांनी तो खालून गेला तेव्हा ती खिडकी बंद होती आणि धुराड्याच्या तोंडाशी वाफ दिसत नव्हती, म्हणजे धूर आतच वळत असणार. तो धावत वर गेला. दाराला कुलूप होतं. माणसं लग्नाला गेली होती, एवढंच. 

फेब्रुवारीच्या शेवटी तो सटाण्याला गेला. कुमुदताईंना त्यांच्या धाकट्या बहिणीने घरी नेलं होतं. त्या अंगणात उन्हाला खुर्ची टाकून मटार सोलत बसल्या होत्या. नीटनेटकी वेणी, इस्त्रीचं पातळ. बघणाऱ्याला काही झालंय असं वाटू नये.

"बसा," त्या म्हणाल्या. एकोणीस वर्षं 'अरे भास्कर' म्हणणाऱ्या तोंडातून आता 'बसा' आलं.

तो बसला. बहीण आत गेली तसं त्याने बोलायला सुरुवात केली. सांगायचं ठरवूनच आला होता. "एक बाई होत्या. त्यांच्या घरात विषारी वायू साठत होता. त्यांना काहीतरी चुकतंय असं जाणवत होतं. दारात ओळखीचा कारागीर आला, तर त्या म्हणाल्या, एकदा बघतोस का? तो बाजूच्याच खोलीत होता. उठला नाही. त्याला राग होता, की आपल्याला सोडून यांनी यंत्र आणलं. मी तो माणूस, ताई."

कुमुदताई शेंग हातात धरून नीट ऐकत होत्या. वर्गातल्या मुलाचं ऐकावं तशा.

"मग?" त्या म्हणाल्या. "ती बाई फार रागावली असेल."

"नाही," भास्कर म्हणाला. "त्यांनी चहा केला."

"असं?" कुमुदताईंनी थोडा विचार केला. त्याला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. पण त्यांच्या चेहऱ्यावरून ते सगळं पाण्यावरच्या रेघेसारखं पुसून गेलेलं त्याने पाहिलं. त्यांनी मटारची परात दोघांच्या मधोमध सरकवली.

"तुम्ही कोण म्हणालात?"

भास्करने मूठभर शेंगा उचलल्या आणि नाव सांगितलं.